घरापासून लांब उभी करावी

पत्र माझ्याच नावाने आलं.
मार्लिस हॉगन, स्प्रूस स्ट्रीट, कूस बे.
वर लाल अक्षरात: तातडीचे.
ब्रेकजवळच्या एका डबीतून तेल झिरपतं,
तारेला लागतं, आणि मग
गाडी बंद असली,
किल्ली माझ्या एप्रनच्या खिशात असली,
तरी ती पेट घेऊ शकते.
दुरुस्ती होईस्तोवर उघड्यावर,
घरापासून लांब उभी करावी.

उभी करायला गाडी होती कुठे?
ऑक्टोबरातच विकून टाकलेली.
अठराशे डॉलर, डेसा नावाच्या मुलीला.
बाराशे हातावर, उरलेले आठवड्याने;
आणि आठवड्याने ती खरंच आली.
सोबत पोरगा, पुढचे दोन दात पडलेला.
त्याने विचारलं, समोरचा रबरी मासा पण मिळणार?
मी म्हटलं, मासा गाडीचाच आहे.

फोन लावला. नंबर बंद.
पोस्टातला व्हर्जिल म्हणाला, पत्ताच नाही तर धाडू कुठे?
कंपनीच्या बाईने अर्धा तास पियानो ऐकवला
आणि सांगितलं, विकलीत ना?
मग तुमची जबाबदारी संपली.

संपली म्हणे.
एकतीस वर्षं शाळेच्या भटारखान्यात काढली मी.
गॅस बंद केलाय हे पक्कं ठाऊक असताना
अर्ध्या वाटेतून परत फिरणारी बाई.

आठ रात्री हिंडले.
लाकडाच्या गिरणीमागे, कोळंबीच्या धक्क्यावर,
कसिनोच्या त्या अफाट पार्किंगमध्ये.
सापडली मात्र भर दुपारी,
गुडघ्याचं मलम आणायला गेले तेव्हा,
लॉन्ड्रीच्या मागे, खाडीकडे तोंड करून.
काचांना आतून टॉवेल.
त्यातला पिवळा माझाच, गाडी पुसायचा.
छपरावर वाळत घातलेले लहान बूट.

काच खाली झाली. मी पत्र वाचू लागले,
चष्मा धुक्याने भरलेला.
'घरापासून लांब' इथवर आले
आणि जीभ अडखळली.
डेसा हसली. कुचकं नव्हतं ते हसू.
"किती लांब?" तिने विचारलं.
मागच्या सीटवर पोरगा झोपलेला,
मोज्यातली पावलं काचेला टेकलेली.

माझ्या घरात एक खोली आहे.
शिवणयंत्र आहे तिच्यात, नाताळचे खोके आहेत.
ती खोली ओठांपर्यंत आली
आणि माघारी गेली.
का, ते मला अजून धड सांगता येत नाही.
मी आग विझवायचं नळकांडं दिलं,
पिन कशी ओढायची ते दाखवलं
आणि म्हटलं, गाडीत झोपू नका हं.
कुठे झोपा, ते नाही म्हटलं.

सुटा भाग यायला तीन आठवडे लागले.
तेवढे दिवस ती दोघं कुठे होती
मी विचारलं नाही.
मंगळवारी नॉर्थ बेंडला गेलो. वीस मिनिटांचं काम.
नखाएवढा फ्यूज.
पोराने माशाच्या पोटावरून बोट फिरवून पाहिलं.
फॉर्मवर पत्त्याच्या रकान्यापाशी
डेसाचं पेन थांबलं.
"तुमचा लिहू?"
लिही, म्हटलं. एवढं मात्र पटकन म्हटलं.

आता तिची पत्रं माझ्याकडे येतात.
दुरुस्तीने आपलं समाधान झालं का,
एक ते पाचमध्ये सांगा.
विम्याचं एक, शाळेचं एक.
मी ती शिवणयंत्रावर ठेवत जाते.
खोके माळ्यावर टाकले, तेही मेमध्ये,
जेव्हा कुणी ते पाहणार नव्हतं.

लॉन्ड्रीमागे जाते अधूनमधून.
धुवायला काही नसलं तरी जाते.
तिथे तेलाचा एक डाग आहे, बशीएवढा.
कुठल्या गाडीचा, कळत नाही.